रूम हीटर माळ्यावरून काढलात? लावायच्या आधी या चुका टाळा

आपल्या किनाऱ्याला रूम हीटर लागतो तो थोडेच दिवस. दापोलीकडे पौषात चांगला गारठा पडतो तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी, नाहीतर घरात बाळंतीण असली की. बाकी वर्षभर तो माळ्यावर उघडाच पडलेला, मग गरज लागली की काढला, फुंकर मारली, लावला प्लगला. दरवर्षी तेच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पाणी. आमच्या वाडीतल्या एका काकूंकडे लेक बाळंतपणाला आलेली, ब्लोअरवाल्या हीटरची जाळी चिऱ्याच्या लाल धुळीनं भरलेली, म्हणून काकूंनी तो मागीलदारी नेऊन साबणाच्या पाण्यानं धुतला आणि दिवसभर उन्हात ठेवला. संध्याकाळी लावला तर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा मेन बोर्डावरचा स्विच, पडला. उचलला, परत पडला. भाच्याचं म्हणणं ईएलसीबी काढून डायरेक्ट करूया, तेवढ्यात मला बोलावणं आलं म्हणून बरं. काकू म्हणतात, "अरे, कडक उन्हात होता, सुकला नाय काय?" बाहेरून सुकला होता हो, पण उघडला तर कॉइलच्या मायकाच्या पट्ट्यांमध्ये आणि मोटरच्या वाइंडिंगमध्ये साबणाचं पाणी तसंच. त्यात आपली हवा खारी, धुळीतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि त्यातून करंट बॉडीत उतरतो. ईएलसीबी पडत होता तो बाळंतिणीच्या खोलीत कुणाला शॉक बसू नये म्हणून, आणि तोच काढायला निघालेले! ओलं फडकंसुद्धा आत घालू नका.

माझी पद्धत सांगतो. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं, मग बटण बंद असूनही कॉइलमध्ये करंट असतो. हीटर चालू होता तर तासभर थंड होऊ द्यायचा. मग पडवीत नेऊन, तोंडाला रुमाल बांधून, रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचा आणि व्हॅक्यूम असेल तर बाहेरून जाळीला लावायचा. पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा, हवेच्या जोरानं गरागरा फिरवू नका. अर्धा तास जातो, जाऊदे. पाच मिनिटांत उरकणाऱ्यांचेच हीटर माझ्याकडे येतात.

दुसरं, पुढून चकाचक आणि मागची जाळी तशीच. हवा आत घेते ती मागची जाळी. ती चोंदली की आत उष्णता साठते, थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा आतला भाग, हीटर बंद करतो आणि लोक म्हणतात बिघडला. एका हीटरमध्ये तर कुणीतरी कटआउटच्या दोन्ही वायरी जोडून वर टेप मारलेली, आतलं प्लास्टिक वितळून कॉइलकडे झुकलेलं. कटआउट बायपास करून देतो म्हणणाऱ्या माणसाच्या हातात हीटर देऊच नका, मग तो कितीही स्वस्तात करून देवो.

रॉडवाल्याच्या मागचा चकचकीत पत्रा कोऱ्या सुती कपड्यानं पुसा, तारेची घासणी नको. हॅलोजनच्या नळीला बोट लावू नका, हाताचं तेल लागतं आणि नळी तिथेच तडकू शकते. गंजाचा स्प्रे आत मारू नका, पेट घेतो. जाळीत कुंभारणीनं मातीचं घर केलं असेल तर काडीनं अलगद काढा. ऑइलवाला हीटर असेल तर पात्यांमधली धूळ पट्टीला कोरडं फडकं गुंडाळून काढायची, बस, उघडायचा नाही.

प्लगच्या पिना हिरव्या-काळ्या झाल्यात का बघा, खाऱ्या हवेत होतातच. जळल्याची खूण असेल तर प्लग बदला. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर खेचतो, ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शनला लावायचा नाही, १६चाच हवा.

साफ केल्यावर पहिल्यांदा पडवीतच दहा मिनिटं चालवा, समोर उभं राहून. थोडा धुळीचा वास येईल, तो जातो. धूर किंवा प्लास्टिकचा वास आला तर लगेच बंद.

आणि परत ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत ओल कोंडते. जुन्या सुती चादरीत गुंडाळा.