‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणायची घाई नको: व्हिज्युअल अप्रोचमध्ये या चुका टाळा

इंदूरला विमानात उजव्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या सीटवर बसून पोरांना सर्किट, म्हणजे रनवेभोवतीचा ठरलेला चौकोनी फेरा, शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि दर बॅचला त्याच त्याच चुका बघून आता खरंच थकलोय. लँडिंग मऊ कसं करायचं हे प्रत्येकाला विचारायचं असतं, पण फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत उतरायला, येणारं दुसरं विमान शोधायचं कसं, हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नक्की कुठलं विमान ते न बघता ‘ट्रॅफिक इन साइट’, म्हणजे टॉवरने सांगितलेलं विमान दिसतंय, असं रेडिओवर म्हणून मोकळं होणं. यावर मी लांबलचक लिहिणार आहे, कारण हे माझ्यासमोर घडलंय.

मे महिना, सकाळी सातच्या सुमाराला. पश्चिमेचा वारा म्हणून रनवे २५ वापरात, आम्ही सेसना १७२ मध्ये लेफ्ट डाउनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर पण उतरायच्या उलट दिशेने, रनवे डावीकडे, शहर समोर उजव्या हाताला आणि सूर्य जवळजवळ नाकासमोर. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १८५० फुटांवर, त्यामुळे हजार फुटांच्या सर्किटला अल्टिमीटरवर २८५०. टॉवरने सांगितलं, तुम्ही नंबर थ्री, पाच मैल फायनलवर एअरबस आहे, तिच्या मागे या. पोराने डावीकडे बघितलं, एक एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) अगदी रनवेजवळ पोचलेली दिसली, आणि याने लगेच बटण दाबून ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणून टाकलं. ती नंबर वन होती. एटीआर उतरली, याला वाटलं रस्ता मोकळा, वळला बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर. मी एअरबस शोधतच होतो, पण पूर्वेला उन्हाचा आणि धुळीचा असा पांढरा पडदा होता की त्यात काही सुटं दिसेना, आणि विमान बेसवर सरळ झालं तेव्हा माझ्या उजव्या खिडकीत दोन दिवे दिसले. ते पुढे सरकत नव्हते, मागे सरकत नव्हते, काचेवर एका जागी थांबून फक्त मोठे होत होते. मी ‘आय हॅव कंट्रोल’ म्हटलं, उजवीकडे वळवून परत दक्षिणेला काढलं आणि मग टॉवरला कळवलं.

खाली आल्यावर विचारलं तर म्हणाला, “सर, एक दिसलं ना, वाटलं तेच असेल. नाही दिसत म्हटलं असतं तर टॉवरला वाटलं असतं याला काही येत नाही.” ही लाज घातक आहे. ‘लुकिंग आउट’ म्हणा, नाहीच सापडलं तर ‘नेगेटिव्ह कॉन्टॅक्ट’ म्हणा, कंट्रोलर तुम्हाला डाउनविंड लांबवायला सांगेल किंवा ऑर्बिट, म्हणजे तिथल्या तिथे एक गोल फेरी, देईल, दोन-चार मिनिटं जातील, बस. माझी स्वतःची सवय अशी आहे की बटण दाबण्याआधी कॉकपिटमध्ये मोठ्याने बोलायचं: कुठलं विमान, कुठे आहे, कुठे चाललंय. तिन्ही उत्तरं टॉवरच्या सांगण्याशी जुळली तरच ‘इन साइट’. माझ्याबरोबर उडणाऱ्यांना मी हे सोडू देत नाही, कितीही कंटाळले तरी.

आणि एका जागी थांबून मोठं होणारं विमान, हे डोक्यात कोरून ठेवा. जे विमान काचेवर सरकतंय ते बहुतेक बाजूने निघून जाईल, जे सरकत नाही ते तुमच्याकडेच येतंय. आपली नजर हलणारी गोष्ट पटकन टिपते आणि हे तर हलतच नाही, म्हणून ते उशिरा दिसतं. नजर झाडू मारल्यासारखी फिरवून काही सापडत नाही, कारण डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग हात लांब केल्यावर अंगठा दिसतो साधारण तेवढाच असतो. आकाशाचे छोटे तुकडे करा, दहा-दहा अंशांचे, प्रत्येकावर सेकंदभर थांबा. घाईवाल्यांना हे जमत नाही कारण त्यांना टॅब्लेटच्या नकाशावरची मार्गाची जांभळी रेष जास्त आवडते. एअरबस अप्रोचला १४० नॉटच्या (ताशी नॉटिकल मैल) आसपास आणि तुम्ही ९० ने, समोरासमोर असाल तर मिनिटाला जवळपास ४ नॉटिकल मैल अंतर संपतं, तेवढ्यात टॅब्लेटमध्ये किती वेळ घालवायचा ते बघा.

दुसरी चूक पहिलीची सख्खी बहीण: दिसलेलं विमान नजरेआड झालं तरी गप्प बसणं. २५ सप्टेंबर १९७८ ला अमेरिकेत सॅन डिएगोला पीएसए या विमान कंपनीची फ्लाइट १८२, बोइंग ७२७, स्वच्छ हवेत व्हिज्युअल अप्रोच करत होती, म्हणजे बाहेर नजरेने बघत उतरायला येत होती. सेसना १७२ आधी दिसली होती, मग दिसेनाशी झाली, क्रूला वाटलं ती मागे पडली असेल, आणि आता दिसत नाहीये हे टॉवरला स्पष्ट सांगितलंच गेलं नाही. सेसना खालीच होती, दोन्ही धडकली. १४४ माणसं गेली. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला लष्करी हेलिकॉप्टर आणि प्रवासी जेट धडकलं, ६७ गेले, तिथेही हेलिकॉप्टरने ट्रॅफिक दिसतंय असं सांगितलं होतं. म्हणून गेलं नजरेआड की त्याच क्षणी सांगा, अंदाज बांधत बसू नका.

वेक टर्ब्युलन्स, म्हणजे पुढच्या विमानाने मागे सोडलेले हवेचे भोवरे, लोक विसरतातच. एकदा पुढच्या विमानापासून अंतर नजरेने राखायचं कबूल केलंत की त्याच्या वेकची जबाबदारीही तुमचीच. वजनाच्या वर्गात एअरबस मीडियम, तुम्ही लाइट, म्हणजे मध्ये ५ नॉटिकल मैल किंवा ३ मिनिटं. तिच्या वाटेच्या वर राहा आणि ती जिथे टेकली त्याच्या पुढे टेका, इंदूरचा रनवे २७५० मीटर आहे, सेसनाला जागा भरपूर. शॉर्टकट मारून बेस आत घेणारे सगळे बरोब्बर याच वेकमध्ये शिरतात.

हाय विंग, म्हणजे सेसनासारखे वर पंख असलेल्या विमानात वळण घेतलं की आतला पंख खाली जाऊन तीच बाजू झाकतो, म्हणून वळायच्या आधी तो पंख जरा उचलून बघा. लेफ्ट बेसवर वळताना उजवीकडेही बघा, फायनलवाला तिकडूनच येतो. उतरताना जो खाली तो पुढे हा नियम आहे, पण त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढ्यात घुसायला परवानगी नाही. न सांगता ऑर्बिट कधीच मारू नका. ट्रान्सपाँडर (आपलं विमान रडारला आणि इतरांना दाखवणारं यंत्र) उंचीसकट चालू ठेवा, नाहीतर एअरबसचं टीकॅस, म्हणजे टक्कर टाळायचा इशारा देणारं यंत्र, फार तर ट्रॅफिक आहे एवढंच ओरडेल, वर जा की खाली जा हे त्यांना सांगू शकणार नाही, आणि जमिनीपासून हजारेक फुटांच्या खाली तर तो सल्ला तसाही बंद असतो. लँडिंग लाइट दिवसाही लावा.

आणि काच पुसा. मी प्री-फ्लाइटला मऊ सुती फडकं ओलं करून पुढची काच वरून खाली पुसतो, आडवी कधीच नाही, मग सीटवर बसून परत एकदा बघतो, कारण वाळलेल्या किड्याचा ठिपका आणि चार मैलांवरचं विमान दोन्ही काचेवर सारखेच दिसतात, दोन्ही हलत नाहीत. डोकं इंचभर बाजूला केलं आणि ठिपका मागच्या ढगावरून सरकला तर तो किडा.