क्लासिक स्टाइलच्या स्पोर्ट्स कारला हवा किती ठेवायची (आरामात चालवायची असेल तर)

हलकी, बुटकी, दोन सीटची गाडी, रस्त्यातला प्रत्येक खडा पाठीत लागतोय, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो या गाड्या कडकच असतात, सवय करून घ्या. अजिबात नाही. आधी हवा बघा. टायरवाल्याकडे गाडी गेली की तो सवयीने ३२-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून मोकळा होतो, कारण दिवसभर त्याच्यापुढे दीड टनाच्या गाड्या येत असतात, तुमची त्यापेक्षा कितीतरी हलकी आहे. १९८९ साली आलेली पहिली माझदा एमएक्स-५ जेमतेम साडेनऊशे किलोची, तिला कंपनीनेच २६ सांगितलंय, आणि केटरहॅम सेव्हनसारख्या पाच-सहाशे किलोच्या गाड्या तर १८-२० च्या आसपास चालवतात. त्यात ३४ भरलं की टायरचा दगड होतो, मग शॉक अब्झॉर्बर कितीही भारी लावा. आणि टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा छापलेला असतो ती वरची मर्यादा आहे, भरायचा आकडा नाही, हे अजून किती वेळा सांगायचं!

स्वतःचं चांगलं गेज घ्या, पंपावरचं दोन-तीन पीएसआयने सहज चुकतं आणि इथे आपल्याला एकेका पीएसआयचा हिशोब करायचाय. हवा थंड टायरमध्येच मोजायची, म्हणजे गाडी तीनेक तास सावलीत उभी असताना. टायरवरचे तारखेचे चार आकडेही बघून घ्या, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर हवेशी खेळून काही उपयोग नाही, टायर बदला.

सुरुवातीचा आकडा मॅन्युअल किंवा दरवाज्याच्या स्टिकरवरून घ्यायचा, पण टायरचा साइझ मूळचाच आहे ना ते बघून. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला १६५ मिमी रुंद रेडियल टायरवर पुढे २१, मागे २४ दिलंय, पण ते उंच साइडवॉलच्या (म्हणजे रिम आणि रस्त्यामधली टायरची बाजू) टायरसाठी आहे. तुम्ही मोठी रिम आणि लो प्रोफाइल (बुटक्या साइडवॉलचे) टायर टाकले असतील तर आत हवाच कमी मावते, तेवढंच वजन पेलायला प्रेशर जास्त लागतं, तिथे जुना आकडा चालत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आराम हवा असेल तर उंच साइडवॉलवर परत या. किट कार (सुट्या भागांचा संच आणून जोडलेली गाडी) असेल आणि आकडाच नसेल तर पुढचा-मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा वजन करून घ्या आणि तेवढ्याच वजनाच्या, तशाच टायरच्या गाडीचा आकडा धरा.

आता खरी गोची, तिथून हवा कमी करत खाली येण्याची. इथे मी स्वतः मार खाल्लाय म्हणून नीट सांगतो. या गाड्यांमध्ये आपण मागच्या चाकांना जवळजवळ टेकूनच बसलेलो असतो, त्यामुळे सगळा धक्का मागूनच येतो असं वाटतं. मलाही तेच वाटलं, म्हटलं पुढच्याला कशाला हात लावा, आणि मागची २४ होती ती २० केली, मग १८. सरळ रस्त्यावर गाडी इतकी मऊ चालायला लागली की मी खूश होतो. आठवड्याभराने पावसात एका लांब वळणावर, वेगही फार नव्हता, अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडला आणि मागची बाजू सरळ बाहेर निघाली. समोरून कोणी नव्हतं म्हणून निभावलं, पण गाडी थांबवल्यावर कितीतरी वेळ हात थरथरत होते. मागचा टायर मऊ झाला की साइडवॉल वळणात आडवा दबतो, मागची पकड पुढच्याच्या आधी सुटते, आणि जुन्या रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत सावरायला इलेक्ट्रॉनिक्स नसतं. म्हणून पुढच्या-मागच्यातला फरक मोडायचा नाही. कंपनीने मागे ३ जास्त दिलेत ना, मग कमी करताना चारही चाकांतून सारखीच काढा.

एका वेळी फक्त १ पीएसआय काढायचा, मग तोच दोन-तीन किलोमीटरचा रस्ता, तोच वेग. बारीक खड्ड्याचा ‘टक’ आवाज जाऊन ‘धप’ यायला लागला की तुम्ही जागेवर आलात. स्टीअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळायला लागली, किंवा लांब खोलगट भागातून वर आल्यावर एक झोका जास्तीचा घ्यायला लागली, तर तुम्ही खाली गेलात, १ परत भरा. टायरातली हवा म्हणजे स्प्रिंगच आहे आणि त्या स्प्रिंगला शॉक अब्झॉर्बर नाही, त्यामुळे एका मर्यादेनंतर हवा कमी केल्याने आराम वाढत नाही, गाडी नुसती डुलते. ‘जितकी कमी तितका आराम’ हा सल्ला देणाऱ्याने जोरात ब्रेक मारून वळण घेतलेलं नसतं बहुतेक. मॅन्युअलच्या आकड्याखाली २ पेक्षा जास्त मी जात नाही, तेही एकटा असताना आणि मूळ साइझच्या टायरवरच. ट्यूबवाली तारेची चाकं असतील तर व्हॉल्व्हकडे लक्ष ठेवा, तो तिरका झालेला दिसला तर ट्यूब आत सरकतेय, लगेच हवा वाढवा.

हायवेवर अर्धा तास चालवून थांबल्या थांबल्या परत मोजा. २२ चे २५ झाले तर ठीक, २८ झाले तर टायर फार दबून तापतोय, म्हणजे थंड असताना जास्त हवा हवी. गरम टायरमधून हवा सोडायची नाही, कधीच नाही.

दोघं जण आणि सामान असेल तर निघायच्या आधी मॅन्युअलमधला लोडचा आकडा भरा. ऋतू बदलला की परत मोजा, तापमानात ५-६ डिग्रीचा फरक पडला की १ पीएसआय इकडेतिकडे होतो.

माझी शेवटी पुढे २२ आणि मागे २५ वर स्थिरावली, म्हणजे मॅन्युअलपेक्षा १ जास्तच, आणि तरी टायरवाल्याच्या ३२ पेक्षा कितीतरी मऊ चालते. एवढं करूनही धक्के बसत असतील तर हवा अजून काढत बसू नका, सस्पेन्शनमधले रबरी बुश आणि शॉक अब्झॉर्बर तपासून घ्या.