जास्तीचं कॉन्सर्टचं तिकीट विकायचं असेल तर

"चार तिकिटं घेऊन ठेवतो ना दादा, दुप्पट भावात जातीन." मुंबई-पुण्यात मोठी कॉन्सर्ट जाहीर झाली की आमच्या नागपूरच्या ग्रुपमधला कुणी ना कुणी हे बोलतोच. ग्रुपची तिकिटं बहुतेक वेळा मीच काढतो, म्हणून सल्लाही मलाच विचारतात. माझं सांगणं ठरलेलं आहे. जितकी माणसं जाणार तितकीच तिकिटं घ्या. एखादं उरलंच तर जितक्याला पडलं तितक्याला द्या.

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या वेळी काय झालं ते आठवा. 22 सप्टेंबर 2024 ला दुपारी बुकमायशोवर विक्री सुरू झाली. नवी मुंबईचे 18 आणि 19 जानेवारीचे शो बघता बघता संपले, आणि 2,500 रुपयांपासून सुरू होणारी तिकिटं दुसऱ्या साइटवर लाखांच्या भावात दिसू लागली. पण त्याच दिवशी 21 जानेवारीचा तिसरा शो लागला. पुढे अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर आणखी दोन शो आले. आयोजकांनी एक तारीख वाढवली की साठा करणाऱ्याचा भाव बसतो, आणि तारीख वाढणार की नाही हे आपल्याला आधी कळत नाही. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये कोल्डप्ले आणि गायक दिलजीत दोसांझच्या तिकिटांच्या काळाबाजारावरून ईडीने पाच राज्यांत छापे टाकले. कॉलेजच्या पोरांनी या भानगडीत पडू नये असं मला मनापासून वाटतं. चढ्या भावाने घेणाराही आपल्यासारखाच कुणी तरी चाहता असतो.

तरीही तिकीट उरतं. कुणाची परीक्षा येते, कुणाला सुट्टी मिळत नाही. अशा वेळी सगळ्यात आधी बुकिंगच्या अटी वाचा. तिकीट दुसऱ्याला देता येतं का, ॲपमध्ये ट्रान्सफरची सोय आहे का, गेटवर बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र मागणार आहेत का, हे तिथे लिहिलेलं असतं. ओळखपत्र लागणार असेल तर तिकीट अनोळखी माणसाला देऊच नका, ग्रुपसोबत जाणाऱ्या कुणाला तरी द्या. कागदी तिकीट कुरिअरने घरी येणार असेल तर ते हातात पडेपर्यंत कुणाकडून पैसे घेऊ नका.

किंमत ठरवताना तिकिटाचे पैसे, बुकिंगचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरा. बुकिंगची पावती घेणाऱ्याला दाखवा, म्हणजे घासाघीस होत नाही. कार्यक्रम दोन-तीन दिवसांवर आला असेल तर थोडं कमी घ्यायची तयारी ठेवा, कारण नागपूरहून इतक्या ऐनवेळी निघू शकणारी माणसं थोडीच असतात. म्हणून मी आधी मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या आपल्या नागपूरकरांना विचारतो. त्यांना रेल्वेची काळजी नसते.

रेल्वेवरून एक फार महत्त्वाचं. कॉन्सर्टच्या तिकिटासोबत दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसचं आपलं आरक्षणही देऊन टाकायचा विचार लोकांच्या मनात येतो. ते करू नका. रेल्वेचं तिकीट ज्याच्या नावावर, त्यानेच प्रवास करायचा. आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं यांच्या नावावर ते गाडी सुटायच्या 24 तास आधी अर्ज देऊन करता येतं, मित्राच्या नावावर नाही. ते सरळ रद्द करा. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि कॉन्सर्टची विक्री त्याच्याही कितीतरी आधी होते, म्हणजे जायचं कसं हे ठरायच्या आत तिकिटाचे पैसे गेलेले असतात. जास्तीचं तिकीट घ्यायचा मोह होतो तेव्हा हेच लक्षात ठेवा.

आता घेणाऱ्यांसाठी. स्क्रीनशॉटवर पैसे देऊ नका. एकच क्यूआर कोड पाच जणांना विकता येतो, आणि गेटवर जो आधी पोचेल तोच आत जातो. बाकीचे चौघं खरे पैसे मोजून बाहेर उभे. तिकीट ॲपमधून तुमच्या खात्यात आलं, तुम्ही स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहिलं, मगच पैसे द्या. माणूस नागपुरातला असेल तर सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर भेटून समोरासमोर व्यवहार करा, यापेक्षा बरं काही नाही. विकणाऱ्यांनीही जपावं. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हटलं की तिथेच थांबा. पैसे मिळायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलातच तर वेळ न घालवता 1930 वर फोन लावा, लवकर कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते.

आपल्या गावातलंही सांगतो. ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावरच्या खासदार सांस्कृतिक महोत्सवाला प्रवेश मोफत असतो. त्याचा पास कुणी विकायला आणला तर एक रुपयाही देऊ नका, आणि आपल्याकडचा उरलेला पास शेजाऱ्याला तसाच द्या. जामठ्याच्या क्रिकेट सामन्याला स्टेडियमबाहेर वर्धा रोडवर हातात तिकीट नाचवत फिरणाऱ्याकडून काही घेऊ नका. ते खरं की खोटं हे तिथे रस्त्यावर तपासायला काही साधन नसतं, आणि खापरीच्या पुढे मेट्रोही जात नाही की लगेच परत फिरता येईल.