मायक्रोवेव्हमध्ये धातू चालतो का, आणि ठिणग्या उडाल्या तर कुठे कुठे बघायचं

"मायक्रोवेव्हमध्ये धातू घालायचा नाही" हे सगळ्यांना पाठ असतं, पण एकदा दार उघडून आत नीट बघा, काचेची प्लेट आणि तिच्याखालची प्लास्टिकची रिंग सोडली तर अख्खा डबाच पत्र्याचा आहे, दारातली जाळी धातूची आहे, आणि ग्रिलवाल्या मॉडेलसोबत तर कंपनी स्वतःच धातूचा स्टँड देते. मग तो कसा काय चालतो आणि काटा-चमचातला काटा का नाही चालत? धातू आहे की नाही एवढ्यावर काहीच ठरत नाही, तो किती जाड आहे, त्याला टोक आहे का, आणि दुसऱ्या धातूच्या किती जवळ आहे यावर सगळं ठरतं.

थोडं आतलं सांगतो म्हणजे पुढचं पटेल. अन्न गरम करणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा पार्ट म्हणजे मॅग्नेट्रॉन, हा मूळचा रडारचा, त्याचं कामाचं रूप १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोन शास्त्रज्ञांनी बनवलं आणि १९४५ मध्ये पर्सी स्पेन्सर या अमेरिकन इंजिनिअरने त्याच लहरींवर अन्न शिजवायच्या पेटंटसाठी अर्ज केला. घरच्या मशीनमध्ये तो २.४५ गिगाहर्ट्झला चालतो, म्हणजे लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर. मॅग्नेट्रॉनमधून लहर एका चौकोनी धातूच्या बोगद्यातून येते, त्याला वेव्हगाइड म्हणतात, तिथून ती डब्यात शिरते आणि भिंतींवर आपटून परत परत फिरते. जाड धातूचं काम हेच, लहर परतवायची, आणि ती परतवताना धातूत करंट वाहतो पण तो अगदी वरच्या थरातच, अ‍ॅल्युमिनियममध्ये जेमतेम दोन मायक्रॉन खोल, त्यामुळे जाड गुळगुळीत भिंत फारशी तापत पण नाही.

गडबड होते ती टोकांवर. काट्याचे दात, फॉइलची चुरगळलेली घडी, स्टेपलची पिन, या सगळ्या टोकांशी विद्युत क्षेत्र गोळा होतं आणि हवेला सेंटीमीटरला साधारण ३०,००० व्होल्टच्या वर ताण पडला की हवा फुटते, तीच ती चटचट करणारी निळी ठिणगी. दोन धातू एकमेकांच्या अगदी जवळ पण न चिकटता ठेवले तरी मधल्या फटीत हेच होतं, म्हणून एकच गुळगुळीत चमचा कपात राहिला तर बऱ्याचदा काहीच होत नाही पण तोच चमचा भिंतीला घासत असेल तर काळा डाग पडलाच समजा. काही होत नाही म्हणून सवय लावून घ्या असं मी म्हणत नाहीये, काढा बाहेर, दोन सेकंदाचं काम आहे.

आणि पातळ धातू हा वेगळाच ताप आहे. डिशच्या कडेची सोनेरी-चंदेरी रेघ इतकी पातळ असते की करंट तिच्यात मावत नाही, ती तापते, तुटक होते आणि मग तुटलेल्या जागांमध्ये ठिणग्या, एकदा का ती रेघ काळी पडली की डिश गेली. गंमत म्हणजे हाच गुण पॉपकॉर्नच्या पिशवीत मुद्दाम वापरलाय, तिच्या तळाला कागदात धातूचा अतिशय पातळ थर दाबलेला असतो आणि तो तापूनच खालून भाजणी होते, म्हणून ती पिशवी तिच्यावर लिहिलेल्या बाजूनेच ठेवायची आणि रिकामी झाल्यावर परत दुसरं काही गरम करायला वापरायची नाही.

तर आत काही ठेवायच्या आधी काय बघायचं. भांड्याची कड बघा, चमकदार रेघ आहे का. पिशवीचं तोंड बांधायची ती कागद गुंडाळलेली तार, तिच्यात खरीच तार असते, ती लोक हमखास विसरतात आणि पेट तिथूनच घेते. टी-बॅगची स्टेपल, पार्सलच्या डब्याचं तारेचं हँडल, आतून चंदेरी दिसणारा पुठ्ठा, थर्मास टाइप दुहेरी भिंतीचे स्टीलचे मग, हे सगळं नको. स्टीलचं साधं भांडं घातलं तर दरवेळी स्फोट होतो असं काही नाही, पण लहरी बाजूने आणि खालून आत जाऊच शकत नाहीत, फक्त वरून जातात, त्यामुळे अन्न मध्ये गार राहतं आणि भांडं भिंतीजवळ सरकलं की ठिणगी, म्हणजे फायदा शून्य आणि धोका आहेच. फॉइलबद्दल काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की अन्नाचा पातळ भाग करपू नये म्हणून छोटा गुळगुळीत तुकडा लावा आणि भिंतीपासून निदान अडीच सेंटीमीटर लांब ठेवा, तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तरच करा, नसेल तर सोडून द्या.

कन्व्हेक्शनवाल्यांचा इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. कन्व्हेक्शन किंवा ग्रिल मोडमध्ये हीटर चालू असतो, लहरी नसतात, तिथे धातूचा ट्रे, केकचा टिन सगळं चालतं. मायक्रो मोडमध्ये नाही. आणि कॉम्बी मोडमध्ये दोन्ही आलटून पालटून चालतात, म्हणजे तिथे मायक्रोचाच नियम धरायचा, फक्त कंपनीने दिलेला स्टँड चालतो कारण त्याचे दांडे गोल असतात, टोकं नसतात आणि उंची-रुंदी त्याच डब्यासाठी बेतलेली असते. दुसऱ्या मशीनचा स्टँड बसतोय म्हणून घातला असं करू नका. नुसत्या मायक्रो मोडमध्ये तर बऱ्याच मॅन्युअलमध्ये तो पण काढून ठेवायला सांगितलंय.

ठिणग्या दिसल्याच तर आधी स्टॉप दाबा, मग प्लग काढा. आत ज्वाळा दिसत असेल तर दार उघडायचं नाही, कितीही हात शिवशिवला तरी नाही, बंद डब्यात हवा कमी पडून आग आपोआप बसते आणि दार उघडलं की तिला नवी हवा मिळते.

आता आत काहीच धातू नव्हता तरी ठिणग्या उडत असतील, हे फार कॉमन आहे, आणि दहात बहुतेक वेळा दोषी असते ती मायका शीट. डब्याच्या आतल्या एका बाजूला, जास्त करून उजवीकडे, पुठ्ठ्यासारखी दिसणारी राखाडी किंवा तपकिरी चौकोनी पट्टी असते, लोक तिला पॅकिंग समजून काढून टाकतात, तसं करू नका!! तीच वेव्हगाइडचं तोंड झाकते, लहरींना ती जाऊ देते पण तेल-वाफ मॅग्नेट्रॉनपर्यंत जाऊ देत नाही. तिच्यावर तेल उडून बसलं की ते जळतं, जळलं की कोळसा होतो, कोळशातून करंट वाहतो म्हणून अजून जळतं, आणि बघता बघता भोक पडतं. प्लग काढून, एखादा स्क्रू किंवा खटका असेल तो सोडवून ती आतूनच निघते, बाहेरचं कव्हर खोलायची गरज नाही. नुसती तेलकट असेल तर ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, काळी पडून कुरकुरीत झाली असेल किंवा भोक असेल तर बदलाच. कोरी मायका शीट मिळते, जुनी तिच्यावर ठेवून पेन्सिलने आखायची आणि साध्या कात्रीने कापायची, खाचा आणि स्क्रूचं भोक तंतोतंत जमलं पाहिजे, सैल राहिली तर परत तीच कटकट. शीट काढलीच आहे तर आत बॅटरीने डोकावून बघा, मॅग्नेट्रॉनच्या टोकाची धातूची टोपी दिसेल, ती वितळलेली किंवा वाकडी दिसली तर तिथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

शीट चांगली असेल तर भिंतींचा रंग बघा. कुठे टवका उडून पत्रा गंजलाय का, विशेषतः प्लेटच्या खाली जिथे सांडलेलं तसंच राहतं, आणि स्टँडच्या आधाराच्या खुंट्यांपाशी. गंजाच्या खरबरीत कडांवर ठिणग्या पकडतात. छोटा डाग असेल तर बारीक सँडपेपरने घासा, धूळ नीट पुसा, मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठीच बनवलेला रंग लावा आणि रंगाच्या डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ सुकू द्या, घरात पडलेला कुठलाही ऑइल पेंट नको. तारेच्या घासणीने तर आत अजिबात घासायचं नाही कारण तिचे बारीक तुकडे फटीत अडकतात आणि ते तुकडे म्हणजे नुसती टोकंच. गंजून पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर रंगाने काही होत नाही, मशीन बाद.

प्लेट, तिच्याखालची चाकांची रिंग आणि मधला फिरवणारा प्लास्टिकचा तुकडा, हे धुवायचे, जागेवर बसवायचे, बास. हो, रिकामं मशीन चालवू नका एवढं मात्र आहे, लहरी शोषायला आत काहीच नसलं की त्या मॅग्नेट्रॉनकडेच परत जातात आणि तो तापतो. टेस्ट करायचीच असेल तर साध्या काचेच्या ग्लासात पाणी ठेवून मिनिटभर चालवा.

दाराबद्दल लोक उगाच घाबरतात आणि जिथे घाबरायला पाहिजे तिथे घाबरत नाहीत. जाळीची भोकं एखाद-दोन मिलिमीटरची, १२ सेंटीमीटरची लहर त्यातून निघू शकत नाही, प्रकाश निघतो म्हणून आतलं दिसतं. दाराच्या कडेने जी खाच असते ती लहर अडवण्यासाठीच मापाने केलेली असते, ती स्वच्छ ठेवा, तिथे अन्न साचू देऊ नका. दार वाकलंय, बिजागर सैल झालंय, काच-जाळी फुटलीय किंवा खटका नीट लागत नाहीये तर मशीन बंद ठेवा. फोन आत ठेवून बाहेरून रिंग द्यायची ती टेस्ट फिरत असते, ती सोडून द्या, अमेरिकेत गळतीची मर्यादा पाच सेंटीमीटर अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅट आहे आणि फोनला त्याच्या कितीतरी पट कमी सिग्नल पुरतो, म्हणजे चांगल्या मशीनमध्ये पण तो वाजूच शकतो.

बाहेरचं कव्हर हा मात्र खरा धोका आहे. आतला ट्रान्सफॉर्मर २,००० व्होल्टच्या आसपास देतो, कपॅसिटर (वीज साठवणारा पार्ट) आणि डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला ४,००० च्या घरात व्होल्टेज पोचवतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. तो उतरवायला आत रेझिस्टर असतो पण तो फेल झालेला असेल तर बाहेरून कळणार नाही. व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून टाकू असं डोक्यात आणू नका, हा करंट माणूस मारतो, याच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर नक्षी जाळायच्या नादात लोक गेलेत.

फ्यूज पण कव्हरच्या आतच असतो, त्यामुळे तो बदलणं हे मेकॅनिकचं काम, पण त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. दाराच्या खटक्यामागे सहसा तीन छोटे स्विच असतात, त्यातला एक मॉनिटर स्विच, दार उघडं असताना बाकीचे चिकटून राहिले तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो म्हणजे उघड्या दाराने मशीन चालायलाच नको. त्यामुळे दार उघडताना किंवा लावताना फ्यूज जात असेल तर आधी तिन्ही स्विच तपासायला लावा, आणि कोणी जाड फ्यूज किंवा तार टाकून "आता नाही जाणार" म्हणाला तर मशीन उचलून दुसऱ्याकडे न्या.