परदेशात चांगले बूट घ्यायचेत? कोल्हापूरच्या पोरांनी हे वाचून मगच दुकानात जावा

आपल्याकडची पोरं आता जर्मनी, युके, अमेरिका सगळीकडं पोचलीत आणि दिवाळीला घरी आली की हमखास विचारतात, तिकडं ऑफिसला घालायला लेदरचे चांगले बूट कुठल्या कंपनीचे घेऊ. एक नाव सांगून भागत नाही भावांनो. चप्पल लाईनला आपण काय करतो आठवा, कंपनी कोण विचारतंय का तिथं, हातात घेतो, वाकवून बघतो, तळ बघतो, कडेची शिलाई बघतो, चामड्याचा वास घेतो आणि मग भावाचं बोलतो. तिकडं काचेच्या दुकानात गेल्यावर नेमकं हेच सोडून देतात आणि डब्यावरचं नाव बघून पैसे मोजतात. कोल्हापूरच्या माणसाला चामडं कळतं, ते तिकडं पण वापरायचं.

आधी पाय मोजा. लहानपणापासून चपलेत वावरलेला पाय पंजात रुंद होतो आणि तिकडचे बरेच फॉर्मल बूट अरुंद फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, बनतात, म्हणून आपली पोरं रुंदीला पुरावा म्हणून एक नंबर मोठा घेतात, मग टाच आत सरकत राहते आणि बूट वाकतो तिथं पाय वाकत नाही. नंबर तोच ठेवा, रुंदी वाढवून मागा. रुंदीला तिकडं अक्षरं असतात, युकेत बऱ्याच फॉर्मल बुटांत एफ म्हणजे नॉर्मल आणि जी म्हणजे रुंद, अमेरिकेत डी नॉर्मल आणि ई, ईई रुंद, जर्मनीत मात्र बहुतेक ठिकाणी जी हेच नॉर्मल आणि एच रुंद, त्यामुळं युकेतला जी जर्मनीत सांगून फायदा नाही. नंबरचं म्हणाल तर आपल्याकडं जो ८ चालतो तो साधारण युकेचाच ८, अमेरिकेत तो ९ च्या आसपास आणि युरोपात ४२ च्या. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो. जे मोजे रोज घालणार तेच घालून उभं राहून घ्या आणि दोन्ही पायांचं घ्या, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, नंबर त्याच्यावर ठरवायचा. बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे. टाच नवीन बुटात जराशी उचलली तर चालतंय, पण करंगळीकडं दाबत असेल तर सेल्समन काय पण सांगू दे, घ्यायचा नाही. लेदर थोडं रुंदीला सैल होतं, लांबीला वाढत नाही.

आता बूट उलटा करा. तळ वरच्या भागाला कसा जोडलाय यावर निम्मं आयुष्य ठरतं. नुसता चिकटवलेला असेल तर एकदा सुटला की परत नीट बसवणं अवघड, आणि बाजारात जास्त करून हेच असतात. दुसरी ब्लेक शिलाई, तळातून थेट आत येते, बूट हलका आणि नाजूक दिसतो, इटलीवाल्यांची आवडती, पण पावसात पाणी लवकर आत येतं. तिसरी गुडइयर वेल्ट, हिच्यात बुटाच्या कडेनं चामड्याची एक पट्टी फिरवून वरचा भाग तिला शिवतात आणि तळ त्या पट्टीला वेगळा शिवतात, त्यामुळं तळ झिजला की तेवढाच काढून नवा घालता येतो, नीट वापरला तर एकाच बुटाला दोन-तीन वेळा. ओळखायचं कसं तर आत हात घालून तळाचं अस्तर जरा उचला, आत धाग्याची रांग दिसली तर बहुतेक ब्लेक, दिसली नाही आणि बाहेरच्या पट्टीवर खरा धागा असेल तर बहुतेक वेल्ट. पण त्या धाग्यावर नख फिरवून बघाच, कितीतरी बुटांना रबरातच टाक्यांचा नुसता ठसा उठवलेला असतो, नखाला धागा लागतच नाही.

चामड्याचं पण तसंच. ‘जेन्युइन लेदर’ एवढाच शिक्का बघून खूश होऊ नका, त्यावरनं दर्जा कळत नाही. फुल ग्रेन, म्हणजे वरचा मूळ पृष्ठभाग न घासलेलं चामडं, असेल तर जवळून बघितल्यावर बारीक छिद्रं दिसतात, पंजाजवळ दाबलं की बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर जातात. घासून वर जाड रंगाचा थर दिलेलं चामडं सगळीकडं एकसारखं चकचकीत असतं आणि दाबलं की कागदाला पडते तशी मोठी घडी पडते, दोन हिवाळ्यात तिथंच फुटतं. युरोपात असाल तर अजून एक सोय आहे, १९९४ च्या नियमानं प्रत्येक जोडातल्या निदान एका बुटावर चित्रांचं किंवा शब्दांचं लेबल लागतं, वरचा भाग, अस्तर आणि तळ तिन्हीचं वेगळं. पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे लेदर, त्या कातड्यात पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर वर थर दिलेलं लेदर, आणि नुसती चौकट म्हणजे रेक्झिन, रबर असलं दुसरं काहीतरी. अस्तर पण लेदरचं आहे का बघा, घामाचा पाय असेल त्याला हा फरक लगेच कळतो.

घ्यायचं कुठं? युकेत असाल तर एकदा नॉर्थम्प्टनला जाच, बुटांचं गाव आहे ते, ट्रिकर्स ही कंपनी तिथं १८२९ पासूनची आणि क्रॉकेट अँड जोन्स १८७९ पासूनची. तिकडच्या काही कारखान्यांच्या दुकानात किरकोळ डाग किंवा टाका वाकडा असलेले सेकंड्स कमी भावात मिळतात, बांधणी तीच असते. अमेरिकेत ॲलन एडमंड्स कंपनी जुनी, १९२२ ची, जुने बूट परत घेऊन तळ बदलून देते. ऑनलाईन मागवलं तर युके आणि युरोपात साधारणपणे १४ दिवसांत परत करायचं सांगता येतं, तोवर घरात गालिच्यावरच घालून फिरा, रस्त्यावर घातलेला बूट परत करताना वाद होतात. आणि पाउंडाला रुपयानं गुणत बसू नका, तिकडचा पगार तिकडच्या पैशात आहे, गुणायचंच तर किती वर्षं चालणार त्यानं भागून बघा.

तळ चामड्याचा घ्यायचा का रबराचा, तर बर्फ पडणाऱ्या गावात सरळ रबर. रस्त्यावर टाकलेलं मीठ लेदरवर पांढरं बसतं, घरी आल्या आल्या ओल्या फडक्यानं पुसा आणि हीटरजवळ बूट कधीच वाळवू नका, चामडं तडकतं. एकच जोड रोज घालू नका, एक दिवस घातला की एक दिवस आत लाकडी शू-ट्री, म्हणजे आकार टिकवणारा पायाच्या आकाराचा ठोकळा, घालून ठेवा.

शेवटचं, घरच्यांसाठी बूट घेऊन येताना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या, सोलचे टाळा. आपल्याकडं माणसं चांगला बूट लग्नाकार्याला म्हणून डब्यात जपून ठेवतात आणि पीयू दमट हवेत न वापरता पण आतून कुजतो, दोन-चार पावसाळ्यांनी वडील घालायला जातात तर तळाचा भुगा होऊन पडतो. दुकानात स्पष्ट विचारा सोल कशाचा आहे, रबर म्हणाले तरच घ्या, आणि वडिलांना सांगा की आठवड्यातनं एकदा तरी घालून फिरा.