बझरबीटर: ट्रेनिंग शुक्रवारी, पगार सोमवारी

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजर गेममध्ये नवा मॅनेजर आला की खात्यातली रक्कम बघून त्याला खरेदीची घाई होते. तिशी ओलांडलेला एखादा दांडगा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) लिलावात उचलला जातो. चार सामने जिंकताही येतात, पण त्या सेंटरचा पगार दर सोमवारी कापला जातो आणि वर्षभरात त्याची किंमत उतरत जाते. त्याच पैशात १८-१९ वर्षांची तीन पोरं घेऊन घडवली, तर संघही उभा राहतो आणि विकायला मालही तयार होतो.

ठाणे-नवी मुंबईतून आता सुरुवात करणाऱ्यांनी आधी आठवडा पाठ करावा. ट्रेनिंगचा निकाल शुक्रवारी, पैशांचा हिशेब सोमवारी, लीगचे सामने मंगळवारी आणि शनिवारी, मध्ये कपचा किंवा सरावाचा सामना. ट्रेनिंगचा आठवडा शुक्रवार ते शुक्रवार धरायचा, म्हणजे त्यात साधारण तीन सामने येतात.

ट्रेनिंग मिळतं ते खेळाडू ठरलेल्या जागेवर (गार्ड, सेंटर वगैरे) किती मिनिटं खेळला त्यावर. पूर्ण लाभासाठी ४८ मिनिटं लागतात, म्हणजे एक अख्खा सामना. एकाच जागेचं ट्रेनिंग लावलं तर तीन सामन्यांत तिघांचं काम पूर्ण होतं. दोन जागांचं लावलं तर सहा जण बसतात, पण प्रत्येकाचा वेग कमी होतो. सुरुवातीला एकच जागा आणि तीनच पोरं. सहा जणांच्या नादाला लागलेले संघ दोन सीझननंतरही अर्धवट शिजलेल्या खेळाडूंनी भरलेले दिसतात.

४८ मिनिटं हुकण्याची कारणं ठरलेली आहेत. बचाव कच्चा असलेला पोरगा सहा फाउल करून बाहेर जातो. सामना एकतर्फी झाला की कोच मुख्य खेळाडूंना बसवतो. म्हणून त्या जागेवर मुख्य, बदली आणि राखीव अशा तिन्ही रकान्यांत त्याचंच नाव टाकायचं. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या लाइनअप लावणाऱ्यांचे हेच रकाने रिकामे राहतात, तेव्हा सेव्ह करण्याआधी एकदा वरून खाली बघावं.

उलट चूकही होते. पोरगा शिकतोय म्हणून त्याला दोन्ही लीग सामने पूर्ण खेळवले, की ९६ मिनिटं होतात आणि त्याचा गेम शेप (खेळण्याची तंदुरुस्ती) घसरतो. आठवड्याला ५० ते ७५ मिनिटांच्या आत ठेवलं तर तो टिकतो. एक सामना पूर्ण, दुसऱ्यात पाच-पंधरा मिनिटं, एवढं पुरे.

खेळाडू निवडताना वय, पोटेन्शियल (तो कुठवर सुधारू शकतो) आणि उंची या क्रमाने पाहा. वय वाढतं तसा शिकण्याचा वेग मंदावतो. पोटेन्शियलची मर्यादा गाठली की ट्रेनिंग जवळजवळ वाया जातं. बुटके गार्डची (बास्केटपासून दूर, चेंडू हाताळत खेळणाऱ्याची) कौशल्यं लवकर शिकतात, उंच खेळाडू रिबाउंड आणि आतला बचाव.

आता पगार. खेळाडूचा पगार सीझन चालू असताना बदलत नाही. नवा सीझन सुरू होताना कौशल्यांवरून पुन्हा ठरतो. म्हणजे सीझनभर जे शिकवलं त्याचं बिल एकदम येतं. सर्वांत मोठं बिल सेंटरचं. आतला शॉट, आतला बचाव आणि रिबाउंड हे तिन्ही फुगवत नेले, की पगार भराभर चढतो. त्याच खेळाडूला पासिंग, हँडलिंग, बाहेरचा बचाव थोडाथोडा शिकवला तर पगार फारसा हलत नाही आणि मैदानावर उपयोग मात्र दिसतो. हे ट्रेनिंग कंटाळवाणं असतं, कारण उंच माणसाला गार्डच्या जागेवर खेळवावं लागतं आणि त्या दिवशी सामना जाऊ शकतो. सरावाचे सामने त्याचसाठी वापरावेत.

सीझन १४ आठवड्यांचा, पण नियमित लीग सामने २२, म्हणजे ११ आठवडे. प्लेऑफ (लीगनंतरची बादफेरी) हुकलं तर उरलेल्या आठवड्यांत तिकिटविक्री थांबते, पगार थांबत नाहीत. आठवड्याला १,५०,००० पगार देत असाल तर सीझनचे २१,००,००० धरा आणि त्यातले शेवटचे ४,५०,००० आधीच बाजूला काढून ठेवा. ट्रेनरचं मानधनही दर आठवड्याला थोडं वाढत जातं; जुना फार महाग झाला की त्याच पातळीचा नवा शोधावा. सातव्या पातळीच्या ट्रेनरचा मोह पहिल्या सीझनला टाळलेला बरा, चौथ्या-पाचव्यावर काम भागतं.

खेळाडू विकायचा असेल तर सोमवारच्या हिशेबाआधी लिलाव संपेल असं बघा, म्हणजे तो आठवड्याचा पगार वाचतो. स्पेन, इटलीकडचे मॅनेजर पुष्कळ आहेत. आपल्याकडे रात्री साडेअकरा वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळी सात-आठ होतात आणि बोली लावायला माणसं सापडतात. सकाळी आठला, ऑफिसची गाडी पकडताना लिलाव संपेल असा लावला, तर तिकडे सगळे झोपलेले असतात.