एखादी जागा नेमकी कोणाच्या नावावर आहे ते कसं शोधायचं

रिकामा प्लॉट किंवा बंद पडलेलं घर दिसलं आणि मालक कोण ते कळत नाहीये, तर आधी पत्ता सोडा आणि जागेचा नंबर शोधा, सर्व्हे नंबर, पार्सल नंबर (पार्सल म्हणजे जमिनीचा तुकडा), तिथे या नंबरला जे म्हणत असतील ते, कारण सरकारी रेकॉर्ड बहुतेक करून या नंबरवरच चालतं, पत्ते काय बदलत राहतात. हा नंबर बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन नकाशावर जागेवर क्लिक केलं की मिळतो.

मग जमीन नोंदणीचं रेकॉर्ड काढायचं. इथे देशादेशात फरक आहे बरं का. इंग्लंडमध्ये जमीन नोंदलेली असेल तर लँड रजिस्ट्रीत थेट मालकाचं नाव असतं, थोडी फी भरली की कोणालाही कॉपी मिळते. अमेरिकेत मात्र काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ऑफिसात खरेदीखतं ठेवलेली असतात, कोणी कोणाला विकलं ही साखळी मागे मागे जात आपणच लावायची, कंटाळवाणं काम आहे पण खरी भानगड असली तर इथेच सापडते.

टॅक्स कोण भरतंय यावरून मालक ठरवू नका प्लीज, भरणारा भाडेकरू पण असू शकतो, आणि वारलेल्या माणसाच्या नावाने बिल वर्षानुवर्षं येत राहतं. मालक म्हणून कंपनी निघाली तर कंपनी रजिस्टरमध्ये डायरेक्टर कोण ते बघा. शेजाऱ्यांना जरूर विचारा, भरपूर माहिती मिळते (नको तेवढी!), फक्त ती कागदाशी जुळवून घ्या. आणि विकत घ्यायचा विचार असेल तर कर्जाचा बोजा आहे का तेही तपासा, तिथे मात्र वकील लावाच.